कादंबरीतली मोलकरीण

विनिफ्रेड प्रुइटचं अर्धं आयुष्य हॉलिवुडच्या पडद्यावर कॉफीचे ट्रे आत आणण्यात गेलं. नायिका बदलायच्या, मोलकरीण मात्र विनीच.

१९३६ साली तिला एका विनोदी खूनकथेत काम मिळालं. सिनेमा ज्या कादंबरीवरून निघणार होता ती घरोघरी गाजलेली. विनीने ती वाचनालयातून आणली आणि शेवट पुन्हा पुन्हा वाचला. खून मोलकरणीने केलेला! शेवटी तिची दोन पानांची कबुली, हसवता हसवता रडवणारी. बातमी फुटू नये म्हणून रहस्यपटाच्या पटकथेची शेवटची पानं नटांना चित्रीकरणाच्या दिवशीच सकाळी मिळत. पण विनीला कशाला थांबायचंय? ती घरी पाठ करायला लागली.

नवरा ऑर्विल क्षयाने अंथरुणाला खिळलेला. एकेकाळी दोघं गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत होती. तो उशीला टेकून इन्स्पेक्टर व्हायचा.

"अगं, सावकाश! खून केलायस तू, दूध उतू गेलेलं नाही."

"आधी तुझा खोकला आवर, मग मला शिकव."

"तुझा हा सिनेमा पाहिल्याशिवाय मी मरत नाही, बघच तू."

ती थट्टेवारी न्यायची. पण तो तेवढ्याच आशेवर तग धरून आहे, हे तिला कळत होतं.

शेवटची पानं आली. त्यांत खुनी डॉक्टर निघाला, आणि मोलकरीण तिसरा मुडदा. कादंबरी सगळ्यांनी वाचलेली, मग शेवट तोच ठेवून तिकीट कोण काढणार? इतकी वर्षं या धंद्यात काढून एवढं साधं तिच्या डोक्यात येऊ नये!

"विनी, चादरीखाली पड," दिग्दर्शक हॅलोरन म्हणाला. "आणि शिंकू नकोस हं, मागचा मुडदा शिंकला होता." सगळे हसले. विनीही हसली.

घरी ऑर्विल उठून बसला होता. "कशी झाली कबुली?"

विनीने टोपी काढली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि कादंबरीतली पाठ केलेली दोन्ही पानं करून दाखवली. "अशी झाली." इतकं चांगलं काम तिने जन्मात केलं नव्हतं. त्याने टाळ्या वाजवल्या, खोकला, पुन्हा वाजवल्या.

मग तो रोज विचारायचा, कधी लागतोय? लवकरच, असं विनी म्हणायची, आणि मनात म्हणायची, नकोच लागायला.

सिनेमा लागायच्या आठवडाभर आधी तो गेला. "बिचारा! एवढे आठ दिवस तरी काढायला हवे होते," शेजारीण म्हणाली. ते ऐकून विनीला आधी हायसं वाटलं, रडू मागाहून आलं. त्या हायसं वाटण्याबद्दल तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.