आमच्या ऑफिसातलं हवामान

डॉक्टरांकडे पेशंटचे किस्से असतात, वकिलांकडे अशिलांचे. आम्हा हवामानवाल्यांकडे मात्र स्वतःचेच! मी देवरे, मूळचा धुळ्याचा. गेली अकरा वर्षं लखनौमध्ये शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला देतोय. पाणी कधी द्यायचं, फवारणी कधी करायची, वगैरे. चुकलेला प्रत्येक अंदाज एक किस्सा मागे ठेवून जातो. बरोबर आलेले कोणाला आठवतात?

*

लखनौजवळ सरोजिनी नगरला आमचं एक छोटं केंद्र आहे. तिथे अंगणात झडपांची पांढरी लाकडी पेटी आहे, तापमापकं ठेवायची. मे महिना. कोरडी गरम लू अशी की माणसं भाजून निघताहेत, आणि तिथून दमटपणाचा आकडा येतोय थेट कोकणातला!

आमचे साहेब, सक्सेना सर, म्हणाले, "देवरे, जाके देखो यार, वहाँ समुंदर आ गया है क्या?"

गेलो. पेटी उघडली. आत तापमापकाला खेटून ओला गमछा, आणि गमछ्यात गुंडाळलेलं दह्याचं मडकं!

"तिवारीजी, ये क्या है?"

निरीक्षक तिवारीजी जराही गडबडले नाहीत. "सर, ट्रेनिंग में आप ही ने तो बताया था. पूरे कैंपस में सबसे छायादार और हवादार जगह यही है!"

*

आमच्या कॉलनीत सगळे हवामानवालेच. पण वाळवण घालायचं की नाही, हे एकाही घरात नवऱ्याला विचारत नाहीत. सगळ्याजणी सक्सेना सरांच्या गच्चीकडे बघतात! भाभींनी पापड घातले की सगळ्यांचे पापड. त्यांनी उचलले की सगळ्यांची पळापळ.

एका रविवारी भाभींनी घाईघाईनं पापड आत नेले. पाच मिनिटांत अख्खी कॉलनी गच्चीवर! माझी बायको सुनीता चादरी गोळा करत ओरडली, "अहो, पाऊस येतोय!"

"अगं, आभाळात ढग नाही, आमच्या मॉडेलमध्येही ढग नाही."

"तुमचं मॉडेल राहू द्या तुमच्यापाशी. भाभींनी उचलले ना!"

पाऊस काही आला नाही. संध्याकाळी कळलं, भाभींची नणंद येणार होती, आणि तिला पापड फार आवडतात.

*

आमच्या मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. शाळेत टीचरनी विचारलं, "पापा क्या करते हैं?"

ही म्हणाली, "पापा सुबह बताते हैं कि बारिश होगी, और शाम को फोन पे सबको सॉरी बोलते हैं."

*

जाधवकाका फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. साताऱ्याचे, पण आता गोमती नगरला फ्लॅटमध्ये राहतात. बाल्कनीत टोमॅटोच्या चार कुंड्या. त्यांनी हौसेनं आमच्या शेतकऱ्यांच्या मेसेज सेवेत नाव नोंदवलं.

जानेवारीत आम्ही मेसेज पाठवला: पाला पडण्याची शक्यता, संध्याकाळी शेताच्या कडेनं धूर करा. पाला म्हणजे इथे दहिवर गोठतं ते. बटाट्याचं पीक एका फटक्यात काळं पडतं.

तासाभरात काकांचा फोन. आवाज खणखणीत.

"साहेब, ऑर्डरप्रमाणे धूर केला!"

"काका, बाल्कनीत?"

"हो. ओला पाला जाळला. टोमॅटो एकदम सेफ! आता फायर ब्रिगेडचे लोक आलेत. ऑर्डर कोणाची होती म्हणून विचारतायत. घ्या, बोला त्यांच्याशी."

*

मलिहाबादला एका ख़ाँ साहेबांची दशहरीची बाग आहे. जूनमध्ये, आंबे उतरायला आठवडाभर असताना, मी इशारा काढला: उद्या दुपारी चारच्या सुमारास जोराची आँधी. ख़ाँ साहेबांनी एका शब्दानं शंका घेतली नाही. पहाटेपासून माणसं लावून निम्मी बाग उतरवली. शेजारचे बागवाले हसत होते.

चार वाजले. पान हलेना. पाच वाजले. आभाळ लख्ख! मला बसवेना. एवढे आंबे माझ्या शब्दावर अर्धे कच्चे उतरवलेले. ऑफिसची गाडी काढली आणि माफी मागायला स्वतःच मलिहाबाद गाठलं.

सहा वाजत आले तरी ऊन मी म्हणत होतं. मी गाडी एका जुन्या, डेरेदार झाडाखाली लावली.

ख़ाँ साहेब लगबगीनं आले. "देवरे साहब, गाड़ी ज़रा खुले में लगा लीजिए. आपने आँधी फ़रमाई है."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अरे छोड़िए ख़ाँ साहब, अब क्या आएगी!"

त्यांनी खाटेवर बसवलं, बादलीतला गार आंबा हातात दिला. मी माफीचं पहिलं वाक्य जुळवतोय तोच पश्चिमेकडे आभाळ पिवळं पडलं. मग धूळ. मग काही दिसेना! आम्ही दोघं उतरवलेले आंबे ठेवलेल्या कोठडीत पळालो. बाहेर शेजारच्या बागांमधून धपाधप, धपाधप आंबे पडण्याचा आवाज. आणि मध्येच एक कडाड्!

धूळ बसल्यावर बाहेर आलो. ख़ाँ साहेबांचे निम्मे आंबे कोठडीत सुखरूप. गाडीच्या टपावर मांडीएवढी फांदी, काचेचा चुरा. ख़ाँ साहेबांनी मला मिठी मारली, मग गाडीकडे बघितलं, आणि लखनवी अदबीनं नजर दुसरीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सक्सेना सरांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले. डावीकडे आँधीचा इशारा, खाली माझी सही. उजवीकडे गाडीबद्दलचा लेखी खुलासा: 'अचानक आई आँधी के कारण...' खाली माझीच सही.

सरांनी चष्मा काढला.

"देवरे, इन दोनों में से किसका यक़ीन करूँ?"