चिकवड्यांच्या ट्रेमधली नदी
आज सकाळी माळ्यावरून चिकवड्या वाळवायचा पांढरा ट्रे काढला आणि कितीही घासला तरी मला त्यातून तोच गाळाचा वास आला. काही वर्षांपूर्वी बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीमागच्या नदीचं शुद्धीकरण झालं, म्हणजे काठाला रेलिंग, रेलिंगला दिवे आणि दिव्यांना झेंडूचे हार. उद्घाटनाच्या सकाळी प्राणिशास्त्र शिकणारी माझी लेक चाळण घेऊन पाण्यात उतरली होती आणि मी काठावर हाच ट्रे धरून तिचा हमाल. वर जंगलात याच नदीतल्या दगडांखाली तिला तीन शेपट्यांचे नाजूक किडे मिळाले होते, जे फक्त स्वच्छ पाण्यात जगतात. इथे ट्रेमध्ये पडल्या नुसत्या लालभडक अळ्या. "बाबा, हलवू नकोस ना! बाकीचे गुदमरून मरतात, तिथे या उरतात." तेवढ्यात फीत कापून आलेले साहेब ट्रेमध्ये डोकावले आणि माइकवर गरजले, "बघा, जीव वळवळतायत! नदी जिवंत झाली!" लेक ओरडली, "सर, उलट आहे!" पण टाळ्यांत कोण ऐकतंय. साहेबांनी पोराटोरांना पाण्यात पाय सोडायला बोलावलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. रिक्षावाल्याशीही कधी न भांडलेला मी, ट्रे छातीशी धरून पायऱ्यांवर आडवा उभा राहिलो. "आधी साहेब उतरतील!" साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. नदीत आजही त्याच लाल अळ्या आहेत. रेलिंगला मात्र नवा रंग लागलाय, उद्या साहेब पुन्हा येतायत. लेकीने ट्रे मागितलाय. मी सोबत साहेबांसाठी रबरी चपला घेतल्यात.