ईशाच्या फुफ्फुसातला ल्युपस

डॉक्टरांनी ‘ल्युपस’ म्हटलं, तेव्हा मी विचारलं, “म्हणजे टीबी नाही ना?” ते नाही म्हणाले. मला चक्क आनंद झाला. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली, आणि मला कळलं की आनंद करायची ही वेळ नाही.

ईशा, माझी अकरा वर्षांची मुलगी. दोन महिने खोकला, ताप, आणि गालांवर लाली. न्यूमोनिया समजून दोनदा औषधं झाली. “मम्मी, साँस पूरी नहीं आती,” ती म्हणायची. मी रागवायचे, “शाळेले न जायचे बहाणे नको करू.”

ल्युपसमध्ये शरीराची रोगाशी लढणारी ताकद आपल्याच अवयवांवर उलटते. त्या ताकदीनं ईशाच्या फुफ्फुसांना गाठलं होतं. ‘प्लुरल इफ्यूजन’ झालं होतं, म्हणजे फुफ्फुसाभोवती पाणी साचलं होतं. ते पाठीतून सुई घालून काढायचं होतं.

नर्सदीदीनं मला ईशाच्या समोर बसवलं. “हलू देऊ नका.” मी तिचे खांदे धरले. सुई आत गेली, तशी ती माझ्या कानाशी कुजबुजली, “मम्मी, बोलो ना, रुक जाएँ.” मी तिला धरून ठेवलं, बस.

मग स्टेरॉइड सुरू झाले. चेहरा सुजून गोल झाला. तिनं आरशात पाहणं सोडलं.

पुढं पीएफटी, म्हणजे नळीत जोरानं फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायची तपासणी. काचेच्या खोलीतला माणूस म्हणायचा, “और, बेटा, और!” काचेबाहेर तिचे पप्पा गाल फुगवून फुंकत होते, जणू त्यांचाही श्वास मोजला जाणार होता. आकडा कमीच आला. “औषधं लांब चालतील,” डॉक्टर म्हणाले. “पूर्ण बरी होईल का?” मी विचारलं. त्यांनी खरं सांगितलं, “आत्ता नाही सांगता येत.” त्या खरेपणासाठी मी त्यांची आभारी आहे.

तुमचं लेकरू दम लागतो म्हणालं, तर आधी त्याचं ऐका. मी ऐकलं नव्हतं.

आम्ही गुढियारी वस्तीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. ईशा आता दम लागून अर्ध्या जिन्यात बसते. परवा मीही तिच्याजवळ बसले.

“आप क्यों बैठ गईं?” ती म्हणाली. “आपको तो साँस आती है।”

तिला उठावंसं वाटेपर्यंत मी तिथंच बसून राहिले.