नखमास्तरांचं बोट

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख तेवढं ते वाढवायचे, बाकी नऊ बोटं साफ. म्हणून धक्क्यावर सगळे त्यांना नखमास्तर म्हणत. पाण्यावर पळणाऱ्या स्कूटर दुरुस्त करण्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. या स्कूटरच्या पोटात, मागच्या बाजूला पंप असतो. त्यातला पंखा पाणी ओढून मागे फेकतो आणि स्कूटर पुढे झेपावते. पंख्याभोवती रिंग असते. दोघांमध्ये केसाएवढीच फट हवी. वाळू-खडे आत गेले की रिंगेला चरे पडतात, फट वाढते, आणि इंजिन नुसतंच बोंबलतं.

मास्तर रिंगेच्या आतून नख फिरवायचे. अडकलं तर म्हणायचे "बाद", नाही तर "चालू दे". फट मोजायच्या पोलादी पट्ट्यांचा जुडगा सुनेनं कधीचा आणून दिला होता, पण तो खोक्यातच पडून होता.

"देवानं फुकट दिलंय ते सोडून पत्रे कशाला घालत बसू?" असं त्यांचं म्हणणं.

सून त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक होती. मोसम चार दिवसांवर आलेला, आणि मास्तरांनी धक्क्यावरच्या बाराही स्कूटर "चालू दे" म्हणून मोकळ्या केल्या होत्या. त्या दुपारी ती ओलीचिंब वर्कशॉपात आली.

"बाबा, माझ्या गाडीला पिकअपच नाही. पाण्यातल्या पिवळ्या पिंपापर्यंत जायला दुप्पट वेळ लागला."

"मूठ एकदम पिळत असशील."

"तुमच्या मुलाला चालवायला मी शिकवलंय, बाबा. हे त्याला सांगा."

मास्तरांनी तोंड वाकडं करत पंप खोलला, नख फिरवलं. गुळगुळीत! सुनेनं आपलं नख फिरवलं. टक्, टक्, टक्.

"तुझं नखच धारदार," ते म्हणाले. तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी नवी रिंग बसवली. स्कूटर बाणासारखी सुटली. संध्याकाळी मास्तर घरी आले.

बायकोनं चहाचा पेला पुढे ठेवला, तो त्यांनी मुठीत धरला.

"अहो, ठेवा तो! उकळता आहे. हाताला काही लागतं की नाही?"

"लागतं की."

"कसलं लागतंय! महिनाभर बघतेय मी. शर्टाचं बटण लावायला आरशात बघावं लागतं तुम्हाला."

मास्तरांनी पेला ठेवला. तळवा लालबुंद झाला होता, आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हणजे खोटं सुनेचं नख नव्हतं. तिची रिंग तर बदलून झाली होती, पण त्याच बोटानं पास केलेल्या आणखी अकरा स्कूटर धक्क्यावर उभ्या होत्या. बायकोला त्यांनी सगळं सांगितलं.

"मग धक्क्याच्या मॅनेजरला सांगा."

"सांगितलं की संपलं. नखच गेलं तर मास्तर कसला?"

"आणि न सांगून कुणाची गाडी भर पाण्यात अडली तर? सूनच धावणार ना तिथं? तीही हाताला लागेल ती, या अकरातलीच एखादी गाडी घेऊन."

सकाळी मॅनेजरकडे जाताना मास्तरांनी चार वाक्यं घोकली होती. तोंडातून एकच आलं.

"अकराही पुन्हा खोलायच्या."

"का हो? परवा तर तुम्हीच..."

"माझ्या बोटाला कळत नाही आता."

मॅनेजरनं कॅलेंडरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कधीपासून?"

"तेच कळलं असतं तर ही वेळ आली असती का?"

मॅनेजरला नको असताना हसू आलं. "मग आता तपासणार कशानं?"

मास्तरांनी खिशातून खोकं काढलं. पट्ट्यांवर अजून कंपनीचं तेल होतं. पंखा आणि रिंग यांच्यामध्ये ठरलेली पट्टी शिरली तर रिंग बाद. बोटाला विचारायचं कारण नाही, डोळ्यांना दिसतं.

तीन दिवसांत अकरा पंप खोलून झाले. पाच रिंगा बाद निघाल्या. प्रत्येक वेळी पट्टी सुळकन आत शिरली की मास्तरांचा चेहरा उतरायचा, पण ते पुढचा पंप ओढायचे. डॉक्टरांची सोमवारची वेळ बायकोनं परस्परच घेतली होती.

शेवटच्या पंपात पट्टी शिरली नाही. तरी सवयीनं त्यांचं बोट आत गेलं. ते थांबले, बोट बाहेर काढलं आणि सुनेला हाक मारली.

"तू फिरव गं एकदा नख."

तिनं शांतपणे पूर्ण गोल फिरवलं.

"चालू दे, मास्तर," ती म्हणाली.