अर्धवेळ पाळक, पूर्णवेळ घसा

मला देवाची सेवा करायची होती, पण गिरणीतली नोकरी सांभाळून.

सत्तरच्या दशकात आमच्या सोलापुरात मेथडिस्ट चर्चचा पाळक, म्हणजे पाद्री, व्हायचे दोन रस्ते होते. पूर्णवेळ शिकायचं तर नोकरी सोडून परगावच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्र्यांच्या शाळेत, जाऊन राहायचं. अर्धवेळ शिकायचं तर नोकरी आणि संसार सांभाळून पुस्तकं वाचायची आणि रविवारी खेड्यांत उपदेश करायचा. माझी बायको सुमन हिने माझ्या आधीच निर्णय घेऊन टाकला होता.

"पाद्री व्हा, न्हायतर बिशप व्हा. पगार बंद करून व्हायचं न्हाय!"

चर्चच्या सुपरिंटेंडेंट साहेबांना मात्र अर्धवेळ हा शब्दच सोसत नसे. "अर्धवेळ पाळक म्हणजे कच्चा भात," ते म्हणाले. "येत्या रविवारी चर्चमध्ये चाचणीचा उपदेश द्या. जमला तर अर्धवेळ. नाहीतर नोकरी सोडा, किंवा हा नाद सोडा."

मी दोन्हीपैकी काहीच सोडणार नव्हतो! विषय निवडला जक्कयाचा. (जक्कय हा बुटका जकातदार. येशूला पाहायला झाडावर चढतो आणि येशू त्याला खाली बोलावतो.) तयारीला वेगळा वेळ कुठला? गिरणीत माग चालवता चालवताच मी उपदेश घोकला. एवढे माग खडखडत असताना आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून केवढ्यानं ओरडावं लागतं, हे गिरणीतल्या माणसालाच विचारा. पण पाठ झालं एकदाचं!

रविवारी मंडळी शांत बसली. मी उभा राहून "प्रिय बंधुभगिनींनो" म्हणालो आणि एक तान्हं पोर दचकून किंचाळलं! आवाज खाली आणायला गेलो तर पुढचं वाक्य आठवेना. वरच्या पट्टीत गेलो की धडाधड आठवे. मग काय, राहिलो वरच!

समोरच्या बाकावरून सुमनने दोन्ही कानांवर हात ठेवले. आता गिरणीत आम्ही सगळं खुणांनीच बोलायचो, आणि कानावर हात म्हणजे 'ऐकू येत नाही, जोरात बोल.' बिचारीला ऐकू जात नाही! मी आवाज चढवला. तिने डोळे वटारले. मी छाती भरून गर्जलो, "जक्कया! त्वरा कर! खाली उतर!!"

बाहेरून उत्तर आलं, "उतरतूय की! वरडतूस कशापायी?"

आवारातल्या कडुलिंबावर शेरडं राखणारा एक म्हातारा पाला तोडत होता. तो खाली उतरला, कोयत्यासकट दारात आला आणि हात जोडून म्हणाला, "चुकलं मालक. पुन्यांदा न्हाय चढणार."

अख्खी मंडळी माना खाली घालून हसत होती. संपलं सगळं! माझा अर्धवेळचा रस्ता माझ्या डोळ्यांदेखत बंद झाला होता. मला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात सुमन पदर खोचून उभी राहिली. "सायेब, ह्यास्नी अर्धवेळच द्या. पूर्णवेळ शिकवलं तर जिल्ह्यात झाडावर पाखरू ऱ्हाणार न्हाय!"

साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "दिलं अर्धवेळ! पण शहरात नको. अक्कलकोटकडच्या बाजारांत उभे राहा. लाऊडस्पीकर लागणार नाही."

तर असा मी पाळक झालो. 'देवाची हाक तुम्हाला कशी ऐकू आली?' असं आजही कुणी विचारलं की मी गंभीर चेहरा करून घसा साफ करतो. तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून सांगते, "देवालाबी लई वरडाय लागलं असंल की!"