आखाजीचा मांडा आणि निर्गुडीचे तेल

भगवान धन्वंतरींना वंदन करून, आणि आज अक्षय्य तृतीया, म्हणजे आम्हा खानदेशवासीयांची आखाजी, हे निमित्त धरून ही आठवण लिहितो.

गतवर्षी हिवाळ्यात माझ्या पत्नीचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. हाड शाबूत आहे, व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु वेदनेमुळे व्यायामच होईना. हिची चिंता निराळीच होती. आखाजीला पितरांच्या घागरीपुढे खापरावरच्या पुरणपोळीचा, म्हणजे मांड्याचा, नैवेद्य लागतो. मांडा लाटण्याने होत नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवीत कोपरापर्यंत पसरवावा लागतो. देवपूरच्या आमच्या घरी हे काम लग्नापासून हिचेच.

हिच्या धाकट्या जावेने मांडे विकत आणायचे सुचवून डिवचलेच, "अक्का, औंदा मांडा इकत लई येऊत."

"मना हात शे अजून," माझा हात आहे अजून, असे ही शांतपणे म्हणाली.

मी पांझरेकाठची निर्गुडी आणली. पाला वाटून रस काढला आणि तिळाच्या तेलात मंद आचेवर आटवीत ठेवला. तेलात भिजवलेली वात पेटवून पाहावी, तडतडली तर पाण्याचा अंश उरला आहे असे समजावे, हे आयुर्वेदाच्या पाठशाळेत शिकलो होतो. वात तडतडत राहिली. मीही घाई केली नाही. सायंसंध्या आटोपून आलो, तेव्हा वात देवापुढच्या समईसारखी निमूट जळली. तेल निवल्यावर त्यात भीमसेनी कापूर विरघळवला.

रोज सकाळी कोमट तेल चोळून झाले की ही स्वयंपाकघराच्या भिंतीवरून बोटे वर चढवी. चुन्यावर तेलाचे ठसे उमटत. होळीला ते फळीपर्यंत पोहोचले, पाडव्यानंतर दिनदर्शिकेच्या खिळ्यापर्यंत. मग माझे ओले उपरणे दोन्ही हातांवर झुलवून हिने मांड्याचा सराव आरंभला. पूजेच्या वेळी मला उपरणे शोधावे लागे.

गेल्या आखाजीला खापर तापले. हिने उंडा उचलला. हात वर गेले, मांडा पसरत पसरत इतका पातळ झाला की आतले पुरण दिसू लागले, आणि कोठेही न फाटता खापरावर विसावला. पितरांचे पान वेळेवर वाढले गेले.

आमरसाचे जेवण झाल्यावर धाकटी जाऊ एक रिकामी बाटली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. गुडघे दुखतात म्हणाली. हिनेच ती काठोकाठ भरून दिली.

दिवाळीत घराला रंग दिला. स्वयंपाकघराची ती भिंत तेवढी तशीच ठेवली आहे.

वाचकहो, आपले हात कामाला समर्थ राहोत, आपल्या घरच्या पितरांचे पान कधी उणे न पडो, आणि आपल्या चुलीवर श्रीअन्नपूर्णेची कृपादृष्टी अखंड राहो.