चांदभाईंचं पाणी

मांजरीत आमच्या सोसायटीची जाहिरात झाली तेव्हा तिच्यात 'मुबलक पाणी' असं लिहिलं होतं. ते टँकरचं, हे राहायला आल्यावर कळलं. त्याच उन्हाळ्यात मी पहिल्यांदा नसीमबानूंच्या दारातल्या रांजणाचं पाणी प्यायले. घरामागे त्यांची विहीर आणि पुढे रस्त्यालगत, ओल्या फडक्यात गुंडाळलेला रांजण. खराडीच्या बसची वाट बघणारे आम्ही, ऊस तोडणारे, दूधवाला, सगळे तिथेच पाणी पीत. पिऊन झाल्यावर पेला विसळून पालथा ठेवला नाही, तर ओट्यावरून नसीमबानूंचा आवाज यायचा, "घरी पण असंच करता का?"

रांजण त्यांच्या यजमानांनी, चांदभाईंनी ठेवलेला. विहीर त्यांनी स्वतः खणली. पाणी लागलं त्या दिवसापासून पहिली कळशी रस्त्याची, दुसरी घराची, असा नेम. चांदभाई गेले, पण नेम चुकला नाही. लोक अजून 'चांदभाईंचं पाणी' असंच म्हणत, आणि ते ऐकायलाच नसीमबानू ओट्यावर बसत असाव्यात, असा माझा संशय होता.

मग नसीमबानूंच्या शेजारच्या मालनबाईंची नात शेफाली जुलाबाने इतकी आजारी पडली, की तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. आणखीही काही जण आजारी होते. आरोग्य केंद्रातली राजनंदिनी घरोघरचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून गेली. त्या बाटलीत औषध असतं. पाणी दूषित असलं की ते काळं पडतं. चांदभाईंच्या विहिरीची बाटली दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट झाली.

दोष कुणाचा, हे मालनबाईंनी बाटली बघायच्या आधीच ठरवलं होतं. सोसायटीचं सांडपाणी जमिनीत मुरतं, दुसरं काय! आमच्या सोसायटीचा लौकिक बघता मलाही ते पटलं. आमच्या गेटवर मोर्चा न्यायचा म्हणून सगळे नसीमबानूंच्या अंगणात जमले. मीही गेले होते. शिव्या खायला सोसायटीकडून कुणीतरी हवंच. राजनंदिनीने मात्र आधी जमिनीचा उतार पाहिला आणि विचारलं, या घराच्या संडासाचा खड्डा कुठे आहे? खड्डाबिड्डा काही नाही, यांचं गटारात जातं, असं कुणीतरी परस्परच सांगून टाकलं.

जमलेल्यांत खरं काय ते नसीमबानूंनाच माहीत होतं. त्यांचे गुडघे गेले, परसाच्या टोकापर्यंत चालवेना, तेव्हा चांदभाईंनी त्यांच्यासाठी घराला लागून संडास बांधला. घराच्या बगलेतल्या अरुंद जागेत बसणाऱ्याचं तोंड नाहीतर पाठ काब्याकडे झाली असती, आणि ते त्यांना चालणार नव्हतं. म्हणून बांधकाम मागे, विहिरीच्या बाजूला घेतलं आणि शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला खणला. दिशा त्यांनी पुन्हा पुन्हा तपासली. झिरपणारं पाणी कुठे जाईल, हे बघायचं तेवढं राहिलं. खड्ड्यावर फरशी टाकून शेजारी मेंदी लावली, आणि त्याच वर्षी ते गेले.

नसीमबानू गप्प राहिल्या असत्या तर मोर्चा निघाला असता आणि चांदभाईंच्या नावाला धक्का लागला नसता. त्या भिंतीला धरून उठल्या.

"खड्डा या मेंदीपाशी हाय," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी खणला होता त्यांनी. मालनबाई, तुमच्या शेफालीला आमचंच पाणी बाधलं."

मालनबाई निघून गेल्या. हळूहळू अंगण रिकामं झालं. संध्याकाळी नसीमबानूंनी रांजण पालथा घातला. मला रडू आलं, आणि मी काही चटकन रडणारी बाई नाही.

त्यांच्या मुलाने, फैझलने, तो खड्डा उपसून बुजवला. नवा संडास विहिरीच्या खालच्या अंगाला, परसाच्या पार टोकाला बांधला. नसीमबानू काठी टेकत, वाटेत दोनदा थांबत तिथवर जात. आईसाठी मध्ये एक खुर्ची ठेवतो, असं फैझल म्हणाला, तर त्याला ओरडा बसला. विहीर उपसली, औषध टाकलं, तरी राजनंदिनीची बाटली काळी पडायची. बसस्टॉपवर कुणीतरी 'चांदभाईंचं पाणी, थेट दवाखाना' असा विनोद केला. तो नसीमबानूंच्या कानावर गेला असावा, कारण त्या ओट्यावर बसेनाशा झाल्या.

पावसाळा गेला, थंडी गेली. फाल्गुनात एकदाची बाटली काळी पडली नाही. पुढच्या महिन्यातही नाही, तेव्हा राजनंदिनीने होकार दिला. नसीमबानूंनी रांजण घासला, भरला, नवं फडकं गुंडाळलं आणि त्या ओट्यावर येऊन बसल्या. लोक बघत आणि पुढे जात. मी दोन पेले प्यायले, पण सोसायटीवालीच्या पिण्याला कोण विचारतो?

ऊन चढल्यावर मालनबाई आल्या. शेफालीचा हात त्यांच्या हातात होता. त्या एक पेला स्वतः प्यायल्या. मग पेला विसळला, पुन्हा भरला आणि नातीच्या ओठांना लावला.

"पी गं. चांदभाईंचं पाणी हाय."

शेफाली सगळं प्यायली. जाताना मालनबाई पेला पालथा घालायला विसरल्या. नसीमबानूंनी तो पाहिला, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पदराने डोळे पुसत त्या दोघींकडे बघत राहिल्या.